अबुधाबीतले जपानी कंद

अबुधाबीहून परतल्यावर आमच्या बोईसरच्या सोसायटीतल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला तो सोन्याचा, दुसरा उंटाचा. सोनं आणलं नाही आणि उंट कुंपणापलीकडे, चालत्या गाडीतून पाहिला, असं मी खरं तेच सांगितलं आणि सगळ्यांचा विरस केला. महिनाभर परदेशी राहून आलेल्या बाईकडे सांगण्याजोगं काहीच नसावं हे त्यांना पटेना. सांगायला पुष्कळ होतं, पण ते जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

आधी आमची ओळख करून देते. आमचे हे तारापूरला समुद्राकाठच्या कारखान्यात नोकरीला होते. अणुभट्टीत जळून बाहेर आलेल्या इंधनात कामाचं बरंच काही शिल्लक राहतं. चुलीच्या राखेतून न जळलेले कोळसे वेचून पुन्हा शेगडीत घालावेत, तसं ते शिल्लक वेचून काढायचं, हे त्या कारखान्याचं काम. फक्त ही राख हाताने ढवळायची सोय नसते. ह्यांचं काम कारखान्याच्या कुंपणाबाहेरचं होतं. आसपासचं पाणी, गवत, दूध, मासे यांचे नमुने आणायचे आणि त्यांत किरणोत्सर्ग किती ते मोजायचं. पंचवीस वर्षं मोजलं आणि दर वेळी सगळं ठीकच निघालं. मी पालघरच्या शाळेत भूगोल शिकवत असे आणि राहायला आम्ही कारखान्याच्या वसाहतीत होतो. दोन वर्षांपूर्वी दोघंही निवृत्त झालो. २००२ च्या जानेवारीत लेकीने, शिल्पाने, तिकिटं पाठवली आणि आम्ही निघालो.

दुबई, ऊद मेथा

विमान दुबईला उतरलं. तिथून थेट अबुधाबीला जायचं होतं, पण वाटेत ऊद मेथाला एका शाळेच्या सभागृहात मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि शिल्पाला ते चुकवायचं नव्हतं. मी प्रवासातल्या चुरगळलेल्या साडीतच गेले. दीडशे बायका, सगळ्या काळ्या साड्यांत, सगळ्यांच्या केसांत मोगरा, आणि सभागृहात एसी इतका की तिळगूळ दाताने फुटेना. नव्याने आलेल्या एका मुलीचं बोरन्हाण चाललं होतं. बोरं नव्हती म्हणून द्राक्षं आणि चॉकलेटं ओतली. ती मुलगी आईला म्हणाली, "मम्मा, व्हाय आर दे थ्रोइंग फूड?" प्रश्न रास्त होता.

दारात वाण म्हणून चहाचं स्टीलचं गाळणं मिळालं. शिल्पाने तशीच वीस गाळणी बाहेरच्या दुकानातून घेतली, कारण तिच्या घरचं हळदीकुंकू दोन दिवसांवर आलं होतं. एक गाळणं पाच दिरहमला. मी मनात तेराने गुणलं आणि मोठ्याने म्हणाले, "पासष्ट रुपये!" जावई अभय गाडीचं दार उघडून उभा होता. तो म्हणाला, "आई, इथे convert करत बसलात तर महिनाभर उपाशी राहाल. यल्ला, बसा."

अबुधाबी

शिल्पाचं घर अकराव्या मजल्यावर. एका खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत हाताएवढा समुद्र दिसायचा. खाली मलबारी माणसाचं किराणा दुकान. त्याला बकाला म्हणतात. फोन केला की तो कोथिंबिरीची एक जुडीसुद्धा वर पाठवायचा. ह्यांना शहर फार आवडलं. रस्ते आखल्यासारखे, झाडांच्या मुळाशी पाण्याच्या बारीक नळ्या, आणि रोज सकाळी कोर्निशवर समुद्राकाठाने तासभर चालायचं. मला सुरुवातीचे दोन दिवस तिथे समुद्राचा वासच येईना. आमच्या तारापूरच्या किनाऱ्यावर सुक्या बोंबलांच्या वासाशिवाय समुद्र पुरा होत नाही.

हळदीकुंकवाला समोरच्या फ्लॅटमधली केइको आली. जपानी, चाळिशीची, बारीक चणीची. नवरा इशिदासान (नावापुढे मानाचा 'सान') गॅसच्या कंपनीत. अबुधाबीच्या बेटावरून जपानला जाणारी गॅसची जहाजं वेळेवर सुटतात की नाही हे पाहणं त्याचं काम. त्यांची मुलगी युई आमच्या नातीच्या, ऋजुताच्या वयाची, नऊ वर्षांची. दोघी दिवसभर या दारातून त्या दारात. केइकोने कुंकू लावून घेतलं, तिळगूळ दोन्ही हातांनी घेतला, गाळणंही दोन्ही हातांनी घेतलं आणि इतकी खाली वाकली की मला माझ्याच गाळण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा दारात. काखेत हातभर लांब पुडकं. शिल्पा म्हणाली, "आई, यांच्यात कुणी काही दिलं की परत काहीतरी द्यावंच लागतं. नाही म्हणू नकोस." पुडक्यातून लाकडाचा भुसा सांडला आणि आतून निघाला एक लांबलचक, पांढुरका, बारीक केसांचा कंद.

मी त्याचं टोक नखाने खरवडलं. आतून चिकट पांढरं. "हा तर आमच्या कोनफळाचा भाऊ," मी म्हणाले. केइकोला इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं, म्हणजे कामापुरतं, त्यामुळे आमचं छान जमलं. तिने सांगितलं की हा कंद सासूबाईंच्या शेतातला. जपानच्या उत्तर टोकाला, बर्फाच्या मुलखात. नववर्षाच्या सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाबरोबर तरी सासूबाई दरवर्षी पेटीभर पाठवतात. मी किसायला घेतला आणि पाच मिनिटांत हाताला खाज सुटली. तिने व्हिनेगर आणायला धाव घेतली, मी डब्यातून चिंच काढली. दोघी ओट्यापाशी हात चोळत हसत उभ्या राहिलो. सुरण चिरताना मी आयुष्यभर हेच करत आले आहे. चिंचेची ही युक्ती तिने कागदावर लिहून घेतली.

मी त्या किसाचं थालीपीठ लावलं, वर भरपूर लोणी. झकास झालं. संध्याकाळी ऋजुता आणि युई खेळून आल्या तेव्हा दोघींना एकेक दिलं. युईने अर्धं खाल्लं, मग विचारलं, "व्हॉट इज दिस?"

ऋजुता म्हणाली, "इट्स युअर ग्रँडमाज पोटॅटो थिंग."

युईने घास तोंडातून काढून रुमालात ठेवला. अगदी व्यवस्थित, घडी घालून. "मामा सेज दॅट वन इज नॉट फॉर अस," ती म्हणाली. "इट्स फॉर गिव्हिंग."

शिल्पा चहा ओतत होती. तिने किटली खाली ठेवली. मुली आतल्या खोलीत गेल्यावर म्हणाली, "नॉट फॉर अस? म्हणजे स्वतःच्या मुलीला देत नाही आणि आम्हाला देते? गेल्या वर्षी दिलेला मी ऋजुताला खाऊ घातला, आई. काय आहे त्याच्यात?"

मीही चिडले होते. ज्या बाईबरोबर सकाळी एका चिंचेने हात चोळले तिने असं करावं, याचा मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला.

समोरच्या दारात

दोन दिवसांनी इशिदांनी आम्हाला जेवायला बोलावलं. शिल्पा डोकं दुखतंय म्हणून आली नाही. आम्ही दोघं गेलो. चपला दाराशी, बुटक्या टेबलाभोवती जमिनीवर बसणं, हे सगळं आपल्यासारखंच. जेवण मात्र आपल्यासारखं अजिबात नाही. भातावर तो कंद कच्चाच किसून ओतलेला, बुळबुळीत. भेंडीची आजी म्हणावी असा. ह्यांनी एक घास घेतला, थांबले, आणि मग वाटी संपवून दुसऱ्यांदा मागितली. ह्यांचं असं असतं. कुणी मनापासून वाढलं की त्यांना सगळं आवडतं.

केइकोच्या वाटीत नुसता भात होता आणि युईच्याही. इशिदासान मात्र खात होता.

मी काही विचारण्याच्या आत त्यानेच सांगायला घेतलं. ह्यांची नोकरी कसली होती हे त्याला अभयकडून कळलं होतं. त्याच्या गावाशेजारी, त्याच्या आईच्या शेतापासून थोड्याच अंतरावर, ह्यांच्यासारखाच कारखाना उभा राहत होता, पण कितीतरी मोठा. जळलेलं इंधन देशभरातून तिथे यायला लागलं होतं. कारखाना अजून सुरू झाला नव्हता. तरीही शहरातल्या बाजारात त्या गावाचं नाव वाचलं की बायका कंद परत ठेवत. इथल्या जपानी बायकाही केइकोकडून पेटीतला कंद दोन्ही हातांनी घेत, तोंडभर आभार मानत आणि घरी जाऊन कचऱ्यात टाकत.

"तुमच्या सरकारला तो कारखाना हवाच कशाला?" मी विचारलं. भूगोलाच्या बाईला शोभेल असा हा प्रश्न नव्हता.

त्याने भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. अबुधाबीचं बेट, सामुद्रधुनीची चिंचोळी तोंडं, मग हिंदी महासागर, मलाक्का, आणि पार उजवीकडे जपान. "माझ्या देशाची चूल," तो म्हणाला, "दुसऱ्याच्या अंगणात आहे. माझी सगळी नोकरी या रेघेवर चालते. रेघ कुठेही तुटली की घरी अंधार. मी लहान असताना तेल अचानक महागलं, तेव्हा आईने दुकानासमोर रांगेत उभं राहून संडासातल्या कागदाचे रोल साठवले होते. आमच्या घरात जाळायला दुसरं काही नाहीच. म्हणून एकदा आणलेलं इंधन पुन्हा पुन्हा वापरायचं, असं सरकार म्हणतं."

"बरोबरच आहे," हे म्हणाले. "आपलंही तेच."

"माझे वडील विरोधात होते," तो म्हणाला. "शेतात त्यांनी स्वतःच्या हाताने विरोधाचा फलक लावला होता. ते गेल्यावरही आईने काढला नाही. कारखान्याआधी गावात काम नव्हतं. दर हिवाळ्यात वडील तोक्योला जाऊन खड्डे खणायचे आणि आम्ही त्यांच्याशिवाय नववर्ष काढायचो. आता त्याच गावात, त्याच कारखान्यात, मला नोकरी मिळतेय. आई एकटी आहे, सत्तरीची आहे. मार्च उजाडायच्या आत उत्तर द्यायचंय."

केइको एवढा वेळ मान खाली घालून बसली होती. ती नवऱ्याला जपानीत काहीतरी हळू म्हणाली. त्याने आमच्यासाठी इंग्रजी केलं. "ती म्हणते, तू जा. मी आणि युई तोक्योला माझ्या आईकडे राहू." त्यांच्याकडे असं खूप घरांत होतं म्हणे, नोकरीच्या गावी नवरा एकटा, मुलंबाळं दुसरीकडे. मग तो ह्यांच्याकडे वळला. "तुम्ही पंचवीस वर्षं तिथे राहिलात. कुटुंबासह. हे तुम्ही तिला सांगाल का?"

हे म्हणाले, "सांगीन की. शुक्रवारी फुजैराला जाऊ सगळे, तिथे निवांत बोलू."

घरी आल्यावर मी शिल्पाला सगळं सांगितलं. ती जरा निवळली. मला मात्र झोप नीट लागली नाही, आणि का लागली नाही ते मला माहीत होतं.

फुजैरा

तिथे शुक्रवार म्हणजे आपला रविवार. दोन गाड्या काढल्या. वाळवंट संपून डोंगर लागले तेव्हा माझा जीव रमला. हिरवळ नावालाही नाही, नुसते तपकिरी सुळके, जणू कुणी सह्याद्री सोलून ठेवलाय. वाटेत रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाजार होता. तिथे ह्यांनी मातीचा एक घडा घेतला आणि गाडीत बसताना तोच पायाखाली येऊन फुटला. पुढचे तीस किलोमीटर हे खापरं मांडीवर जुळवत बसले होते.

डोंगर उतरलो आणि समुद्र दिसला. हा समुद्र खरा, वाससुद्धा होता. क्षितिजावर तेलाची जहाजं रांगेने उभी, मी तीसपर्यंत मोजली. फुजैरा सामुद्रधुनीच्या बाहेर, म्हणून जहाजं इथे थांबून इंधन भरून घेतात, असं इशिदासान म्हणाला. तो त्यांच्याकडे आपली गुरं ओळखावीत तसा पाहत होता. "ते डावीकडचं बहुतेक आमच्याकडचं," असं म्हणून त्याने युईला दुर्बीण दिली.

बंदराजवळ मासळीबाजार होता. हामूर, शेरी, सुरमई, बर्फावर मांडलेली. ह्यांना घड्याचं दुःख विसरायला एवढं पुरे होतं. ह्यांनी एका हामूरचे कल्ले उचलून पाहिले, डोळा दाबला आणि मलबारी विक्रेत्याला हिंदीत म्हणाले, "ये कल का है भाई." विक्रेता म्हणाला, "वल्ला, सुबह का है." अभयने "खलास, दे दो" म्हणून मिटवलं. मासा तिथेच साफ करून, पलीकडच्या हॉटेलात भाजून घेतला आणि किनाऱ्यावर चटई पसरून आम्ही बसलो. मुली पाण्यात गेल्या.

खाणं झाल्यावर ह्यांनी बोलायला घेतलं, आणि किती छान बोलले. कारखान्याचं पाणी कसं सोडतात, नमुने कसे घेतात, यंत्रं किती बारीक मोजतात. केइको लक्ष देऊन ऐकत होती, पण तिचा चेहरा हलत नव्हता. ह्यांनाही ते जाणवलं. मग हे म्हणाले, "आकडे जाऊ द्या. आमच्या वसाहतीच्या फाटकाशी पार्वती नावाची कोळीण बसायची. कारखान्यासमोरच्या खाडीतले मासे. माझी बायको बुधवारी आणि रविवारी तिच्याकडूनच घ्यायची. पंचवीस वर्षं आम्ही तेच खाल्लं. ही शिल्पा त्यावरच वाढली. बघा, आहे का काही कमी?"

सगळे हसले. केइको हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. "ओकासान," ती म्हणाली. त्यांच्यात आईला असं म्हणतात. "खरंच?"

'हो' म्हटलं असतं की झालं असतं. ह्यांची मान वर राहिली असती, इशिदासानच्या घरातली तेढ सुटली असती, केइको लेक घेऊन सासूकडे गेली असती. पण ती माझ्या शब्दावर मुलीला घेऊन जाणार होती. माझ्या तोंडून 'हो' निघेना.

"नाही," मी म्हणाले. "मासे मी घ्यायचे. खाल्ले नाहीत."

मी इंग्रजीत बोलत होते, त्यामुळे छोटीछोटीच वाक्यं येत होती आणि त्यांत काही लपवता येत नव्हतं. पार्वतीकडे सगळ्या साहेबांच्या बायका घेत, आणि मासे तपासणाऱ्या साहेबाच्या बायकोने न घेणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी घ्यायचे. पण घरात शिजायचे ते पालघरच्या बाजारातले. शाळेतून येताना मी पिशवीतून आणायचे आणि ह्यांना सांगायचे की पार्वतीचेच आहेत. शिल्पा लहान असताना एकदा भीती मनात शिरली ती गेलीच नाही.

शिल्पा म्हणाली, "आई, सीरियसली?" हातातला माशाचा काटा ह्यांनी कागदावर ठेवला आणि बोटं पुसत राहिले. एवढ्या बारीक मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या ताटातला मासा कुठला ते कळलं नव्हतं, आणि मी ते पाच माणसांत सांगितलं होतं. त्या वेळी मला ह्यांची फार दया आली.

केइकोने विचारलं, "मग पार्वतीसानचे मासे कुठे जायचे?"

हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता, मी स्वतःसुद्धा नाही. "जनीला द्यायचे," मी म्हणाले. "भांडी घासायला यायची तिला. तिला तीन मुलं होती."

हे बोलताना मला ऐकू आलं मी काय बोलतेय ते. काही दिवसांपूर्वी याच बाईवर मी केवढी चिडले होते.

मला वाटलं, आता केइको तोंड फिरवणार. पण ती शिल्पाकडे वळली, मांडीवर हात ठेवून खाली वाकली आणि म्हणाली, "मला माफ करा. मीही तुम्हाला असाच कंद दिला." मग पुन्हा माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "जनीसानची मुलं कशी आहेत? आता?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी कधी विचारलं नाही."

"विचाराल?" ती म्हणाली. "तुमचे आकडे मी मानते," असं ह्यांना म्हणून तिने पुन्हा मान लववली. "पण मला त्या मुलांचं कळायला हवं. कळलं की मी ठरवीन."

मी वचन दिलं. ह्यांनी नंतर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी कोर्निशवर चालताना म्हणाले, "एकदा सांगायचंस. तुला प्रयोगशाळेत नेऊन दाखवलं असतं." मी म्हटलं, "दाखवलं असतंत, आणि मी हो म्हणून पालघरहूनच आणले असते." त्यावर हे हसले नाहीत, पण माझ्या बाजूने चालायला लागले.

बोईसर

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी जनीचं घर शोधत गेले. हे स्वतःहून बरोबर आले. जनी आता काम करत नाही. अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिचा थोरला रिक्षा चालवतो, मधली लग्न होऊन वाड्याला, धाकटा गावच्याच शाळेत शिपाई आहे. तिघंही ठणठणीत. सात नातवंडं. दोन तिथेच कोंबड्यांमागे धावत होती. हे वहीत लिहून घ्यायला लागले तेव्हा मी त्यांचा हात दाबला.

केइकोला मी पत्र लिहिलं. तीन मुलं, सात नातवंडं, सगळी बरी आहेत. एवढ्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही असं ह्यांनी खाली एक वाक्य घालायला लावलं, तेही घातलं. मार्च लागायच्या आत तिचं उत्तर आलं. ते तिघंही जाणार होते, सासूबाईंकडेच. पेटीतले उरलेले कंद तिने आणि युईने खाल्ले होते. शेवटी लिहिलं होतं, जनीसानला माझे आभार सांगा.

ते सांगायला मी एकटीच गेले. जनीला काही कळेना, कोण जपानी बाई आणि कसले आभार. मग मी तिला सगळं सांगितलं. पार्वतीचे मासे, पालघरची पिशवी, आणि तिला देताना माझ्या मनात काय असायचं तेही. सांगताना मला तिच्याकडे पाहवेना.

"मला म्हाईत व्हतं, बाय," जनी म्हणाली. "भांडी कोन घासायचं? तुमच्या ताटात पापलेटाचे काटे आन माझ्या पिशवीत पार्वतीचे बोंबील."

"मग घेत का होतीस, जनी?"

तिने सुपातले तांदूळ एकदा पाखडले.

"घाबरायला बी घरात दुसरं काही शिजलेलं लागतं, बाय," ती म्हणाली.